बॅटरी नको

४ जानेवारी

भावजी, नमस्कार.

तुमच्या कानांमुळे फोनवर काही सांगायची सोय नाही, आणि मोबाइलवर लिहायला तुमची बोटं जाड पडतात असं तुमची सूनबाई म्हणाली. तेव्हा पत्रच बरं. तुम्हाला वाचायला वेळ भरपूर आणि मला लिहायची सवय मोडली नाही.

काम विजेचं आहे. तुम्ही वीजघरात तेहतीस वर्षं काढलीत. आपल्या दोन्ही घरांत वायर हातात धरायची अक्कल तुमच्याच वाट्याला आली. तुमच्या दादांना मी बल्ब बदलायलासुद्धा सांगत नाही, होल्डरसकट खाली घेऊन येतात.

आमचं बिल फार यायला लागलंय. गेल्या महिन्यात चारशे दहा युनिट झाले. माझी शिलाईची दोन मशीनं, इस्त्री, वर सध्या एका सभागृहाच्या पडद्यांची मोठी ऑर्डर घेतलीय. शिवाय आमच्या भागात दिवसा लाइट जाण्याचं प्रमाण वाढलंय, कधी दुरुस्ती म्हणून, कधी काहीच कारण न सांगता. म्हणून गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. एक ठेव या महिन्यात सुटते आहे, तीच घालीन म्हणते.

दोन माणसं येऊन बघून गेली. पहिला एका मोठ्या कंपनीचा, टाय लावून आला होता. त्याने बॅटरीसकट तीन लाख दहा हजार सांगितले आणि आजच सही केली तर पाच हजार कमी करतो म्हणाला. दुसरा एकटाच काम करणारा. कानामागे पेन्सिल, बोलता बोलता भिंतीवरच हिशेब मांडायला लागला. तुमचं नाव निघालं तेव्हा पेन्सिल कानामागून काढून उभाच राहिला. तुमच्या हाताखाली सहा वर्षं होता म्हणे. तो बॅटरीशिवाय एक लाख पंच्याऐंशी म्हणतो. सरकारचं अनुदान आलं तर त्यातलेही थोडे परत मिळतील.

बॅटरी कशाला लागते ते मला नीट कळलं नाही. टायवाला बरंच काही सांगत होता, पण मी आत इस्त्री चालू ठेवून आले होते, लक्ष नव्हतं. कुणाला काम द्यावं आणि बॅटरी घ्यावी का, तेवढं कळवा.

हे बरे आहेत. आत पडलेत. तुमची आठवण काढतात.

— वहिनी


१३ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं. इथे मला कुणी काही विचारत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या काळची वीज वेगळी होती. मी त्याला म्हटलं, विजेला काळ नसतो रे. पण ते असो.

टायवाल्याला नाही म्हणून कळवा. तो बॅटरी तुमच्या गळ्यात मारतोय, त्यात त्याला कमिशन असतं. तुमचं काम शिलाईचं, म्हणजे दिवसाचं. ऊनही दिवसाचं. दिवसा जेवढी वीज होईल तेवढी वापरा, उरलेली लाइनीत जाईल आणि मीटरमध्ये तुमच्या नावावर जमा होईल. रात्री लाइनीची वापरा. बॅटरी मध्ये कशाला? सव्वा लाख जादा द्यायचे, आणि पाच-सात वर्षांत ती बसली की पुन्हा नवी. मधेच तासभर लाइट गेली आणि शिलाई थांबली तर सभागृह काही उघडं पडत नाही. तेवढ्यात तुम्ही पाठ टेका.

पेन्सिलला काम द्या. हात चांगला आहे त्याचा. थोडा मुखदुर्बळ, पण सांगितलेलं बिनचूक करतो. त्याला एकच शब्द सांगा, ऑन-ग्रिड. वहीत लिहून ठेवा. तो समजेल काय ते.

आणि त्याच्याकडून एवढं करून घ्या. पाण्याच्या टाकीची सावली एकाही पॅनेलवर पडता कामा नये, सकाळी नऊलाही नाही. अर्थिंग वेगळं खणायला लावा, जुन्या घराच्या अर्थिंगला जोडतो म्हणाला तर ऐकू नका. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे घालून त्यावर सांगाडा उभा करायला सांगा. पैसे तीन वेळा द्या. शेवटचा भाग नवा मीटर लागल्यावर, त्याआधी नाही, तो माझ्या ओळखीचा असला तरी.

एक विचारू? दोन मशीनं, इस्त्री, पंखे, फ्रिज, सगळं धरलं तरी माझ्या हिशेबाने दीडशे-पावणेदोनशे युनिट होतात. चारशे दहा कुठून आले? घरात आणखी काही नवं घेतलंय का? आपलं सहज विचारलं. म्हणत असाल तर मी दोन दिवस येऊन सगळं बघून जातो. दादाला भेटून दीड वर्ष झालं.

— भावजी


२८ जानेवारी

भावजी,

तुमचं पत्र वहीत चिकटवून ठेवलंय. पेन्सिलला काम दिलं. मी ऑन-ग्रिड म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. काकी, तुम्हाला माहिती आहे म्हणजे माझं काम सोपं झालं, म्हणाला. मी मोठ्या रुबाबात मान हलवली.

टायवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. मॅडम, एकदा घरातल्यांशी बोलून घ्या, एवढंच म्हणाला. घरातल्यांशीच बोलले, म्हटलं.

नवं काही घेतलेलं नाही हो. पडद्यांच्या कामामुळे मशीन उशिरापर्यंत चालतं आणि जाड कापडाला इस्त्री फार लागते, त्यामुळे असेल. तुम्ही एवढ्यात येऊ नका. घरभर कापडाची ठाणं पडलीत, बसायला जागा नाही. मे महिन्यात या. काम हातावेगळं झालेलं असेल, निवांत बोलता येईल.

दिवसा आपली स्वतःची वीज असणार, ही कल्पनाच किती छान आहे. मग कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

खाली यांनी दोन शब्द लिहिलेत.

— वहिनी

ठीक आहे. तू जप.
— दादा


७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

दादाच्या चार शब्दांबद्दल त्याला माझे आभार सांगा. तेही वाचताना मला भिंग घ्यावं लागलं. ज्याच्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं त्याच्या ओळी अशा उतरत चालल्या. निवृत्ती माणसाला सुस्त करते. फरशीच्या कारखान्यात तीस वर्षं उभा होता, आता लोळू दे म्हणा.

घरात गारव्यासाठी काही घेतलं असलं तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. या वयात उकाडा सोसत नाही, मी कोण नावं ठेवणार? मात्र ते यंत्र दिवसा जास्त चालवा आणि रात्री कमी, म्हणजे सोलरचा उपयोग होईल.

पेन्सिलकडून सगळी कागदपत्रं घ्या. पॅनेलची पंचवीस वर्षांची हमी असते, इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या डब्याची, निराळी. दोन्ही कागद एकाच पिशवीत ठेवू नका.

मे महिन्यात येईन.

— भावजी


२२ मार्च

भावजी,

झालं एकदाचं. सहा पॅनेल गच्चीवर चढली. पेन्सिल आणि त्याचा भाऊ दोघांनी चार दिवसांत काम उरकलं. टाकीची सावली पडत होती म्हणून सांगाडा दोन हात पुढे घ्यायला लावला. तुमचं पत्र हातात धरून उभीच होते मी. पेन्सिल म्हणाला, साहेब इथे नाहीत तरी इथेच आहेत.

मग नवा मीटर यायला तीन आठवडे लागले. तपासणीला येतो येतो म्हणून वीज कंपनीचे साहेब दोनदा आलेच नाहीत, तिसऱ्यांदा आले ते पाच मिनिटांत सही करून गेले. परवा दुपारी पेन्सिलने जिन्यातल्या पांढऱ्या डब्याचा खटका वर केला आणि हिरवा दिवा लागला. मी जिन्यातच बसून बघत राहिले. वेड्यासारखी.

आत जाऊन यांना सांगितलं की आता दिवसभर आपली वीज. हे म्हणाले, तुझी वीज. मी म्हटलं, दोघांची.

मोठ्या भाड्याने आणलेली एक वस्तू घरात होती, ती काल परत केली. तिची आता गरज राहिली नाही. दर महिन्याचा तेवढा भार हलका झाला.

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

— वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

उपकार कसले. पत्र मी सूनबाईलाही वाचायला दिलं. मुलाने जेवताना मला विचारलं, बाबा, आपल्याकडे बसवायचं झालं तर किती लागतील?

दहा मेची तिकिटं काढली आहेत. आठवड्यातून एकदा पॅनेलवरची धूळ पुसा. सकाळी लवकर पुसा, उन्हात काच तापलेली असताना गार पाणी टाकू नका, तडकते.

दादाला म्हणावं, मी आलो की गच्चीवर खुर्च्या टाकून बसू.

— भावजी


१३ मे

भावजी,

तुम्ही निरोप मिळताच निघालात, तिसऱ्या दिवशी पोचलात, दोन दिवस राहिलात. तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घरात माणसं होती. कुणीतरी तुम्हाला पाटीवर लिहून दाखवलं, दादांना दम लागला आणि ते गेले. तुम्ही तेवढंच घेऊन परत गेलात. जाताना तुम्ही पॅनेलकडे बघून माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, काम चांगलं झालंय. तेव्हापासून मी हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आज फाडायचं नाही असं ठरवलंय.

यांना तीन वर्षांपासून फुप्फुसांचा त्रास होता. कारखान्यातली दगडाची भुकटी. गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. छोट्या कपाटाएवढं असतं, खोलीतली हवा आत ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडतं. ते दिवसरात्र चालू असायचं. नळी काढून हे मोरीपर्यंतही जाऊ शकत नव्हते. तुमच्या हिशेबात न बसणारे युनिट त्या मशीनचे होते.

तुम्हाला कळवायचं नाही अशी यांची शपथ होती. तो पळत येईल, म्हणायचे, त्याचं स्वतःचं रक्तदाब-साखर काय कमी आहे? बरा झालो की मीच सांगेन. बरं होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी ऐकलं. तुम्ही येतो म्हणालात तेव्हा ठाणं पडलीत म्हणून लिहिलं. एकही ठाण नव्हतं. पडद्यांची ऑर्डरही नव्हती. नोव्हेंबरपासून मी उशांचे अभ्रे सोडून काही शिवलेलं नाही.

लाइट गेली की मशीन बंद पडायचं. म्हणून एक मोठं सिलेंडर भाड्याने आणून ठेवलं होतं, ते चार-पाच तास पुरायचं. प्रत्येक वेळी ते जोडून लाइट परत येईपर्यंत मी काट्याकडे बघत बसायची. सोलर त्यासाठी बसवलं, भावजी. बिलासाठी नाही.

टायवाला आला होता तेव्हा बैठकीत बसला होता. आतल्या दाराआड मशीनचा आवाज येत होता. त्याने विचारलं, आत काय चालू आहे? मी म्हटलं, फ्रिज. तो म्हणाला, घरात कुणी आजारी आहे का? असेल तर बॅटरीशिवाय घेऊ नका. मी म्हटलं, नाही, कुणी नाही. तेवढ्यात आत यांना खोकला आला आणि मी त्याला चहा अर्धा असतानाच दारापर्यंत पोचवलं. मला वाटलं, बॅटरी रात्रीसाठी. रात्री आमच्याकडे लाइट जात नाही. दिवसा ऊन आहे, पॅनेल आहेत, मग भीती कसली? हिरवा दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी मी सिलेंडर परत केलं. भाड्याची वस्तू लिहिली होती ती ही.

चोवीस एप्रिलला पावणेबाराला मशीन बंद पडलं. बंद पडताना ते बारीक ओरडतं. मला वाटलं खटका पडला असेल. जिन्यात जाऊन बघितलं तर पांढऱ्या डब्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा. खटका वर-खाली केला. काही नाही. गल्लीत बायका बाहेर येऊन बोलत होत्या की कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

घरात एक लहान सिलेंडर होतं, दवाखान्यात नेताना लागायचं ते. त्यात थोडं होतं. ते जोडलं आणि पेन्सिलला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, काकी, लाइन बंद असली की सोलर बंदच राहतं. लाइट आली की आपोआप सुरू होईल, घाबरू नका. मी म्हटलं, अरे, पण ऊन आहे. तो म्हणाला, ऊन असलं तरी. मी म्हटलं, यांचं मशीन बंद पडलंय. तो म्हणाला, कुठलं मशीन?

त्यालाही मी कधी आतल्या खोलीत नेलं नव्हतं.

सिलेंडरवाल्याला फोन केला, तासाभरात पोचवतो म्हणाला. ॲम्ब्युलन्सला केला. आणि मग मी काय केलं ते तुम्हाला सांगायचंय, आणखी कुणाला सांगितलेलं नाही. मला पेन्सिलचं पटलंच नाही. डोक्यावर एवढं ऊन असताना वीज नाही असं कसं होईल? मला वाटलं धूळ बसली असेल, त्या आठवड्यात पुसायचं राहिलं होतं. हातात शिवायचा अभ्रा होता तोच घेऊन गच्चीवर पळाले आणि सहाच्या सहा पॅनेल पुसली. काच इतकी तापली होती की बोटं पोळली. एक पुसून झालं की जिन्यात वाकून दिवा बघायची, पुन्हा दुसरं पुसायची. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. तेवढा वेळ हे आत एकटे होते.

खाली आले तेव्हा लहान सिलेंडरचा काटा तळाला होता. यांचे ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. त्यांनी हाताने पलंगावर थापटलं, बस म्हणून. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स येतेय. त्यांनी पुन्हा थापटलं. मी बसले. माझी भाजलेली बोटं त्यांनी उलटीपालटी करून बघितली. काय झालं असं विचारायला त्यांच्याकडे श्वास नव्हता.

ॲम्ब्युलन्स साडेबाराला आली. ती येण्याआधीच संपलं होतं.

सव्वाचारला लाइट आली. खोलीत शेजारच्या बायका बसल्या होत्या. मशीन आपलं आपण सुरू झालं आणि उशीवर पडलेल्या नळीतून हवा यायला लागली. बंद करायचं कुणाला सुचेना. बराच वेळ ते तसंच चालू होतं.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. पण तुम्हाला माहीत नसावं हेही मला सहन होत नव्हतं.

— वहिनी


२७ मे

वहिनी,

तुमचं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. घरी कुणाला दाखवलेलं नाही.

बॅटरी नसली की लाइटबरोबर सोलरही बंद पडतं. तसं मुद्दामच केलेलं असतं. आपल्या छपरावरची वीज बंद लाइनीत गेली तर खांबावर चढलेला माणूस मरेल, म्हणून. वीजघरात हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तुम्हाला लिहिलं नाही. टाकीच्या सावलीबद्दल लिहिलं, हमीचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा म्हणून लिहिलं, आणि हे लिहिलं नाही.

आणि याच्यापेक्षा वाईट आहे ते सांगतो. तुमचा आकडा जुळत नव्हता हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. जवळजवळ अडीचशे युनिट जास्त. म्हणजे दिवसाला आठ. दिवसरात्र एकसारखं चालणारं, इस्त्रीच्या निम्म्याहून कमी वीज खाणारं काहीतरी. एवढं मी कागदावर मांडलं होतं, तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. अशी वस्तू कुठली असेल याचा विचार केला असता तर मला कळलं असतं, कारण आमच्या शेजाऱ्यांकडे तेच मशीन होतं. त्याची वीज मीच जोडून दिली होती.

पण मी विचार केला नाही. मला वाटलं, दादाने एसी घेतला. आणि मला राग आला, वहिनी. मुलाच्या धंद्याला हातभार मागितला होता तेव्हा दादा म्हणाला होता, हात रिकामा आहे. ते माझ्या मनात होतं. म्हटलं, हात रिकामा होता, मग गारवा कुठून आला? घ्या म्हटलं बिनबॅटरीचं, लाइट गेल्यावर तासभर घाम येऊ दे. हे मी लिहिलं नाही, पण बॅटरी नको असं लिहिताना माझ्या मनात ते होतं. सल्ला हिशेबाने बरोबर होता म्हणून मला ते लपवता आलं.

त्याचा हात रिकामा का होता, ते आता कळलं.

त्याची ओळ वाकडी गेली तेव्हा मी त्याला सुस्त म्हटलं. तुम्ही ते त्याला वाचून दाखवलंत का? नसेल दाखवलं असं मी स्वतःला सांगतो आहे. खरं काय ते कळवू नका.

मी दीड लाख पाठवतो आहे. बॅटरी बसवून घ्या. पेन्सिलला मी लिहिलं आहे, तो मजुरी घेणार नाही. तुम्ही एकट्या आहात, अंधारात राहू नका.

मला काही शिक्षा सांगा.

— तुमचा धाकटा दीर


२० सप्टेंबर

भावजी,

तुमची दोन पत्रं आणखी आली. उत्तर दिलं नाही. राग होता का ते मलाच कळत नव्हतं. पैसे मी परत पाठवले ते मिळाल्याची पावती पोचली. पेन्सिल येऊन दारात उभा राहिला होता, आत ये म्हटलं तर आला नाही. काकी, मी विचारायला हवं होतं, म्हणाला. मी म्हटलं, मी तुला खरं सांगितलं नसतं. त्याने तेव्हापासून सोलरची कामं घ्यायची सोडली असं कानावर आलं. तुमचं त्याच्यावर वजन आहे. त्याला लिहा. त्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत.

तुम्ही शिक्षा मागता. ती माझ्याकडे असती तर मी आधी स्वतःला दिली असती. अधूनमधून मी दोष वाटत बसते. इतका तुमचा, इतका माझा, इतका यांच्या शपथेचा. कितीही वाटला तरी ती दहा मिनिटं माझ्याच वाट्याला राहतात. बाकीचं वाटून घ्यायला मला माणसं आहेत. गच्चीवर मी एकटीच होते.

घर विकलं. मूलबाळ नाही, एकटीला तीन खोल्या झाडूनही होत नाहीत. दलालाने कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सोलर बसवलेलं घर. त्यामुळे किंमत वाढून आली. तो म्हणाला, काकू, तुम्ही वेळेवर शहाणपणा केलात.

घेणारं जोडपं तिशीतलं आहे. तिला सातवा महिना आहे. गेल्या रविवारी दोघं शेवटचं बघायला आले. तो गच्चीवर गेला, ती खाली माझ्याशेजारी बसली. आतल्या खोलीत पाळणा कुठे ठेवायचा ते हाताने दाखवत होती. जिथे यांचा पलंग होता तिथेच. मला वाटलं, मला कुणी सांगितलं नाही, मी हिला सांगते. मी तिचा हात धरला. म्हटलं, एक लक्षात ठेव. या सोलरला बॅटरी नाही. बाहेरची लाइट गेली की भर उन्हातही हे बंद पडतं. घरात कुणी आजारी असलं, बाळाला काही लागलं, तर याच्या भरवशावर राहू नकोस.

हे बोलायला मला पाच महिने लागले होते, भावजी.

ती हसली. वाईट नाही हसली, चांगली मुलगी आहे. माझा हात थोपटून म्हणाली, अहो काकू, ते तर सगळ्यांनाच माहीत असतं.

मी म्हटलं, हो का. आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठले.

महिनाअखेरीला किल्ल्या देईन. पुढे एका बाईकडे खोली बघितली आहे, शिवणकामाच्या दुकानामागे. तिथला पत्ता तुम्हाला कळवायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. नाही कळवला तर राग धरू नका. तुमचं अक्षर यांच्या अक्षरासारखं आहे, पाकीट हातात आलं की मला आधी ते यांचंच वाटतं.

— वहिनी